आखाडातली बॅच आणि परड्यातलं पाणी: एक प्रकरण

पंचगंगेच्या काठचं करवीर तालुक्यातलं एक गाव. गावाचं आणि घरच्यांचं नाव घेत नाही, पण बाकी सगळं जसं झालं तसं सांगतो, कारण कोल्हापूर भागात घरामागं शंभर-दोनशे ब्रॉयलर टाकणाऱ्या बऱ्याच जणांच्या परड्यात पावसाळ्यात असंच पाणी साचतं, पक्षी मरतात आणि पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

घरातला कर्ता माणूस, म्हंजे दादा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला जातो, कोंबड्यांचं सगळं वहिनी बघतात. घरामागचं परडं लांबीला चांगलं आहे पण घराच्या जोत्यापेक्षा दीडेक फूट खाली, माती काळी, आणि परड्याच्या टोकाला ओढा जो पुढं नदीला मिळतो. त्यात १० बाय १५ फुटांचं पत्र्याचं शेड, खाली नुसती चोपलेली माती, त्यावर भाताचं तूस, आणि १५० पिल्लं. एका पक्ष्याला एक चौरस फूट हा हिशोब बरोबर होता, म्हंजे दाटीमुळं काही झालं नाही हे आधीच सांगून ठेवतो कारण पहिल्यांदा सगळे तेच म्हणतात.

आता ऐन पावसात बॅच टाकलीच कशाला असं कुणी विचारेल, तर त्याचं उत्तर आखाड. आखाडात मंगळवार-शुक्रवारी टेंबलाई देवीला नवं पाणी वाहायला गल्लीगल्लीतनं लोक निघतात, पै-पाहुण्यांना जेवणं होतात, आणि पुढं श्रावण लागला की गिऱ्हाईक एका दिवसात बंद. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातो, त्यामुळं आखाडात विकायचं तर पिल्लं जूनच्या सुरुवातीला आणायलाच लागतात. सगळ्यात जास्त मागणी आणि सगळ्यात जास्त पाऊस एकाच महिन्यात, हे इथलं दुखणं आहे. त्यामुळं "पावसाळ्यात करूच नका" हा सल्ला ऐकायला सोपा आहे पण घरच्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

पहिले दोन आठवडे उत्तम गेले. ब्रूडरखाली, म्हंजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइटच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला पाच अंश कमी, मानमोडी रोगासाठी लासोटा लस, नंतर गंबोरो रोगाची लस, सगळं वेळेवर. मग पाऊस लागला तो लागलाच. चौथ्या आठवड्यात वहिनींचा फोन, "भावजी, रात्रीत चार गेली, आणि खाली रगात दिसतंय."

मी गेलो तवा शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत बंद. वाऱ्याबरोबर झड आत येते, पिल्लांना गारठा लागतो म्हणून बंद केलेले, त्यात काळजीच होती. पण आत जाऊन गुडघ्यावर बसलो, म्हंजे माझं नाक कोंबडीच्या उंचीला आणलं, आणि अर्ध्या मिनिटात डोळे झोंबायला लागले. अमोनियाची परीक्षा अशीच घ्यायची, उभं राहून नाही. आपण दारात उभं राहून "थोडा वास येतोय" म्हणतो तवा खाली पक्षी त्यातच श्वास घेत असतो. हवेत २५ पीपीएमच्या, म्हंजे दहा लाख भागांत २५ भागांच्या, वर अमोनिया गेला की पक्ष्याच्या श्वासनलिकेचं अस्तर खराब होतं, डोळे चिकटतात, खाणं कमी होतं, आणि मग कुठलाही साधा जंतू आत शिरतो. माणसाच्या डोळ्याला झोंबायला लागलं म्हंजे हद्द ओलांडली असंच धरून चाला.

लिटर म्हंजे पक्ष्यांखालचा तुसाचा थर, त्याची परीक्षा मुठीची. मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि सोडायचं, गोळा होऊन तसाच राहिला तर ओलं, दाबल्यावर जरा धरून लगेच भुगा झाला तर बरोबर, अजिबात धरलंच नाही तर फार कोरडं. चांगल्या लिटरमध्ये २० ते २५ टक्के ओल असते. इथं मागच्या भिंतीजवळ तूस दाबलं तर बोटांतनं पाणी आलं, आणि मधल्या भागात वर चामड्यासारखी काळी ढेप धरलेली. पक्ष्यांचे तळवे बघितले, काळे पडलेले.

तोवर एका दुकानातनं एक अँटिबायोटिक, एक लिव्हर टॉनिक आणि एक व्हिटॅमिनची बाटली आणून पाण्यातनं सुरू होती. कुणी पक्षी उघडून बघितलाच नव्हता. माझं या बाबतीत मत पक्कं आहे, मेलेला पक्षी ताजा असताना पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचा आणि उघडून बघायला सांगायचा, त्याआधी एक रुपयाचं औषध घ्यायचं नाही. तसंच केलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आतड्याच्या शेवटी ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात त्या रक्तानं टम्म भरलेल्या. कॉक्सी, म्हंजे कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रक्ती रोग. त्याच्या जंतूंतला आयमेरिया टेनेला, जो नेमका तिथंच बसतो.

कॉक्सीचं चक्र एकदा नीट समजून घ्या म्हंजे पुढचं सगळं पटेल. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतनं जी बीजं पडतात ती पडल्या पडल्या दुसऱ्याला बाधत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ती पक्व होतात, मग पक्षी उकरता उकरता गिळतो, आतड्यात ती हजारोंनी वाढतात, आणि चार ते सात दिवसांत पुन्हा बाहेर पडतात. ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही, पक्ष्यालाच ती लागते. आपल्या हातात फक्त ओल आहे. कोरड्या लिटरमध्येही थोडी बीजं असतातच, पण थोडी गिळली तर पक्ष्याला ताकद येते, जास्त गिळली तर रक्त येतं. हा सगळा खेळ लिटरच्या ओलीवर आहे.

दुसरी एक गोष्ट चौकशीत निघाली. खाद्य कंपनीचं होतं, त्यात कॉक्सी दाबून धरणारं औषध आधीच घातलेलं असतं. पण खाद्य महाग म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून त्यात घरचा मक्याचा भरडा मिसळत होते. भरड्यानं प्रोटीन तर कमी झालंच, ते औषधही तेवढंच पातळ झालं, आणि ते नेमकं पाऊस लागला त्याच आठवड्यात. शिवाय पोती भिंतीला टेकून जमिनीवर, खालच्या पोत्याला बुरशीचा वास. ते पोतं बाजूला काढलं, गाईलाही घालू नका म्हणून सांगितलं कारण बुरशीचं विष जनावरालाही बाधतं.

डॉक्टरांनी पाण्यातनं अॅम्प्रोलियम दिलं, पाच दिवस, आणि आधीची व्हिटॅमिनची बाटली बंद करायला लावली. हे लई जणांना माहीत नसतं: अॅम्प्रोलियम हे बी-१ व्हिटॅमिनची नक्कल करून त्या जंतूला उपाशी मारतं, आपण त्याच वेळी बी-१ पाजलं तर औषधाचा जोर जातो. आणि औषधाचं पाणी हेच एकमेव पाणी पाहिजे. शेडच्या कडेला डबकं असलं तर पक्षी डबक्यातलं पितो आणि औषध ड्रिंकरमध्येच राहतं, आणि इथं डबकं होतं. औषध बंद झाल्यापासून किती दिवसांनी पक्षी कापायला द्यायचा हेही डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवलं, गिऱ्हाईकाच्या पोरांच्या पोटात जाणार असतंय ते.

औषधाचं इथंच संपलं. खरं काम पाण्याचं होतं.

शेडमध्ये पाणी वरनं येतं, बाजूनं येतं, खालनं येतं, ड्रिंकरमधनं सांडतं आणि खुद्द कोंबडीतनं येतं. दादांचं म्हणणं पत्रा गळतोय, पत्रा बदलू. पत्र्याला दोन भोकं होती खरी, ती डांबरपट्टीनं बुजली, पण दोन भोकांनी दीडशे चौरस फूट लिटर भिजत नाही. पैसे घालायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते बघायचं, त्याला एक फुकटची युक्ती आहे. दोन-तीन ठिकाणी लिटर बाजूला सारून जमिनीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा सपाट पसरायचा, कडा मातीनं दाबायच्या, वर कोरडं तूस टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचं. प्लास्टिकच्या खालची बाजू ओली तर पाणी जमिनीतनं वर चढतंय, वरची बाजू ओली तर ते पक्ष्याचं आणि ड्रिंकरचं. मागच्या भिंतीजवळच्या तुकड्याखाली थेंब साचलेले, मधल्या तुकड्याच्या वर चिखल. म्हंजे एका शेडमध्ये दोन वेगळे रोग, आणि त्यांचे उपायही वेगळे. भिंतीजवळ कितीही नवीन तूस ओता, ते दिव्याच्या वातीसारखं खालचं पाणी ओढत राहणार.

मग भिंतीजवळचं पाणी कुठलं? वहिनींना म्हटलं पाऊस चालू असताना छत्री घेऊन मागं उभ्या राहा आणि नुसतं बघा. घराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी पन्हळ नसल्यामुळं थेट परड्यात पडत होतं. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हंजे एक लिटर पाणी. घराचा मागचा उतार ६० चौरस मीटर धरला आणि जुलैतल्या जोराच्या दिवसाला ६० मिमी पाऊस, तर ३६०० लिटर. शेडच्या स्वतःच्या पत्र्याचे, बाहेर आलेल्या कडा धरून २५ चौरस मीटरचे, आणखी १५००. अशा एका दिवसात पाच हजार लिटर पाणी दीड फूट खोलगट काळ्या मातीत ओतायचं आणि वर कोंबडीनं कोरडं राहावं असं म्हणायचं, हे होणारच नव्हतं. काळी माती एकदा फुगली की पाणी खाली सोडत नाही.

मधला चिखल मात्र कोंबडीचा. चार आठवड्यांचा पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, १५० पक्ष्यांचं दिवसाला ३५-४० लिटर होतं, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतनं आणि श्वासातनं शेडमध्येच येतं. उन्हाळ्यात ते उडून जातं, जुलैत हवाच पाण्यानं भरलेली असते आणि पडदे बंद केले तर जायला वाटच नाही. त्यात ड्रिंकर जमिनीला टेकलेले, पक्षी त्यात पाय घालत होते. ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला पाहिजे, दर चार-पाच दिवसांनी वर उचलायची, खाली विटांवर जाळीची चौकट ठेवली तर सांडलेलं पाणी लिटरला मिळतच नाही.

पडद्यांचं काय केलं तर उलटे बांधले, खालनं वर ओढायचे, आणि वरची फूटभर फट कायम उघडी. झड खाली अडते, अमोनिया आणि वाफ वरनं जाते. त्याच संध्याकाळी डोळ्यांची झोंब कमी झाली, हा सगळ्यात स्वस्त उपाय होता.

दरम्यान दादांनी मित्राच्या ट्रॉलीतनं फाउंड्रीची वापरून टाकलेली वाळू आणायचं ठरवलं होतं, फुकट मिळते, काळी पण कोरडी, परडं भरून निघेल. हे मी हट्टानं थांबवलं. त्या वाळूत साच्यासाठी केमिकलचे बाइंडर असतात, लोखंडाचा बारीक कण असतो, आणि कोंबडी दिवसभर चोच मारणारा जीव आहे, शिवाय पुढं ते पाणी ओढ्यात जाणार. शिरोली, गोकुळ शिरगावच्या आसपास ही वाळू सहज मिळते म्हणून मुद्दाम लिहितोय.

चुन्याचंही तेच. दहा जणांनी सांगितलं चुना टाका. पक्षी आत असताना ओल्या लिटरवर चुना टाकला तर लिटर आणखी अल्कलीकडं जातं आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना बॅच निघाल्यावर, उघड्या जमिनीवर. अमोनिया बांधायला सुपर फॉस्फेट चालतं, आम्ही तेच हलक्या हातानं टाकून लिटर खालवर केलं आणि वर नवं तूस पसरलं, म्हंजे पक्ष्याच्या चोचीला ते थेट मिळत नाही.

आता पक्षी आत असताना जमीन कशी करायची? घरात जुना गोठा होता, शहाबादी फरशीचा, एकच गाय, ती पुढच्या सोप्याच्या कडेला बांधली आणि कोंबड्या गोठ्यात. वहिनींच्या सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही, "गाईच्या जागंला कोंबड्या?" पण वहिनींनी त्यांना शेडमध्ये नेऊन ओलं तूस हातात दिलं, मग काही बोलल्या नाहीत, उलट रात्री उठून बल्ब चालू आहे का बघायला त्याच जायच्या.

शेडमधलं ओलं लिटर पूर्ण काढलं. मागच्या भिंतीकडं विटांचे तुकडे आणि जाड खडी, सहा इंच. बारीक माती पाणी वर ओढते, मोठ्या फटींतनं ते वर चढत नाही, म्हणून खाली जाड मालच पाहिजे. त्यावर जाड ताडपत्री, त्यावर मुरूम दाबून, मग तीन इंच तूस. मुरूम सगळ्यात महाग पडला कारण पावसात ट्रॅक्टर परड्यात शिरेना, रस्त्यावर ओतलेला माल पाट्यांनी आत आणला. तूस भात गिरणीतनं, ताडपत्रीखाली झाकून. गुऱ्हाळाचा बगॅस, म्हंजे उसाचं चिपाड, पाणी चांगलं शोषतो पण दमट हवेत लगेच बुरशी धरतो आणि ती बुरशी पिल्लांच्या फुफ्फुसात बसते, म्हणून पावसाळ्यात मी तो सुचवत नाही.

बाहेर घराच्या मागच्या उताराला पत्र्याची पन्हळ लावून चार इंची पीव्हीसी पाइपनं पाणी ओढ्याकडं, आणि शेडच्या वरच्या अंगाला फूटभर खोल चर, दर दहा फुटाला एक-दीड इंच उतार देऊन. शोषखड्डा काढा असंही एकानं सुचवलं होतं. काळ्या मातीत, ओढ्याच्या काठाला, जुलैत शोषखड्डा म्हंजे आणखी एक डबकं. खात्री करायची तर फूटभर खड्डा काढून पाणी भरा आणि तासाभरानं बघा, इथं ते बोटभरही उतरलं नव्हतं. अशा जागी पाणी जिरवायच्या मागं लागायचं नाही, उतारानं बाहेर काढायचं.

पण बाहेर म्हंजे कुठं, यावर दोन दिवस अडलं. चराचं तोंड शेजारच्या परड्याच्या बांधाला लागत होतं. शेजारचे दादा बांधावर येऊन एवढंच म्हणाले, "काढा की, पण आमच्या वैरणीत पाणी घुसलं नाही पायजे." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी चर बांधाच्या कडेनं वळवून दोन्ही घरांचं पाणी एकाच पाइपमधनं ओढ्यात सोडलं, पाइपचा खर्च निम्मा निम्मा. हे बोलणं पावसाआधी मे महिन्यात झालं असतं तर अर्धं काम कोरड्यात झालं असतं.

पक्षी परत शेडमध्ये आले तवा मरतूक थांबलेली. १५० पैकी २३ गेली, त्यातली बरीचशी पहिल्या तीन-चार दिवसांत. वजन दोन किलोची अपेक्षा होती तिथं सरासरी पावणेदोनच्या खाली आलं, कारण आतड्याला एकदा इजा झाली की पक्षी वाचला तरी खाल्लेलं अंगाला लागत नाही. आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात गावातच सगळी विकली गेली. खाद्य, पिल्लं आणि औषध यांचा खर्च निघाला, मुरूम-पाइपचा नाही.

काढलेलं लिटर शेडच्या मागं टाकायचं नव्हतं, कारण कॉक्सीची बीजं ओल्या जागी महिनोन्महिने टिकतात आणि साध्या फिनेल-बिनेलनं मरत नाहीत. उंच जागी उसाच्या पाचटाबरोबर थर देऊन ढीग केला, आत चटका बसेल एवढं तापतं, ती उष्णता त्यांना मारते. जमीन रिकामी झाल्यावर खरवडून, फ्लेमगन फिरवून, चुना मारून दोन आठवडे उघडी ठेवली.

एक गोष्ट या सगळ्यानं सुटत नाही, ती म्हंजे नदी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी वर आली की ओढ्याचं पाणी उलटं सरकतं, आणि ज्या पाइपनं आपण पाणी बाहेर काढतो त्याच पाइपनं ते परड्यात यायला लागतं. पाइपच्या तोंडाला झडप बसवली तर थोडा वेळ मिळतो, पण जमिनीखालचं पाणी वर येतंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या परड्यात शेडच नव्हतं, असतं तर पत्राच दिसला असता. म्हणून घरात एक नियम ठरवलाय, ३९ फुटांची बातमी आली की पक्षी दीड किलोचा असो नाहीतर सव्वाचा, त्याच दिवशी गिऱ्हाईक बघून विकायला सुरुवात करायची आणि नवीन पोतं खाद्य आणायचं नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायची वाट बघत बसायचं नाही.

पुढच्या आखाडासाठी वहिनींनी पिल्लं मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचं ठरवलंय, म्हंजे तिसरा-चौथा नाजूक आठवडा निदान पावसाच्या सुरुवातीला पडेल, ऐन झडीत नाही. संख्या १५० वरून १००. भरडा मिसळणं बंद. दादांना मजला करून बांबूच्या फळ्यांवर ब्रॉयलर ठेवायचेत, त्याला माझा विरोध आहे, जड पक्षी कडक फळीवर बसून छातीला फोड येतात, वनराजासारखी जरा हलकी, काटक कोंबडी असती तर मी हो म्हटलं असतं. त्यापेक्षा ते पैसे सगळ्या शेडचं जोतं फूटभर उचलायला घाला असं सांगितलंय, आणि ते दिवाळीनंतर, माती वाळल्यावर करायचं आहे.